पाणबुड्यांच्या परतीचे जुने वृत्तफोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परतीचा फोटो म्हणजे नेमका कोणता?

युद्धगस्त संपवून पाणबुडी बंदरात शिरताना किंवा धक्क्याला लागल्यावर वर्तमानपत्रांसाठी काढलेला फोटो. डेकवर रांगेत उभे खलाशी, ब्रिजवर (पाणबुडीच्या उंच मनोऱ्यावरच्या उघड्या जागेत) कप्तान, वर फडकणारे झेंडे, आणि धक्क्यावर वाट बघणारी माणसं.

असे फोटो इतके का निघाले, याचं कारण पाणबुडीच्या स्वभावातच आहे. लढणारी पाणबुडी दिसतच नाही. तोफा डागणाऱ्या युद्धनौकेचा किंवा विमानांच्या झुंजीचा फोटो मिळू शकतो. पाणबुडी मात्र पाण्याखाली असते आणि तिची माणसं लोखंडी नळीत बंद असतात. वर्तमानपत्राच्या हाती ती फक्त दोनदा लागायची, जाताना आणि येताना. जातानाचा फोटो छापला तर शत्रूला सुगावा लागणार, म्हणून छापण्याजोगा उरायचा तो परतीचाच. महिना-दीड महिन्याची अख्खी गस्त वाचकाला त्या एका फोटोतून समजून घ्यावी लागे. मी हे फोटो जमवतो ते यासाठीच. त्यांत घडलेलं काहीच दिसत नाही, फक्त त्याच्या खुणा दिसतात, आणि त्या वाचायला शिकावं लागतं.

हे फोटो काढायचं कोण?

दोन प्रकारची माणसं. एक नौदलाचे स्वतःचे छायाचित्रकार, आणि दुसरे वर्तमानपत्रांचे व वृत्तसंस्थांचे. अमेरिकेत असोसिएटेड प्रेस, ॲक्मे आणि इंटरनॅशनल न्यूज फोटोज ही त्या काळातली मोठी नावं. ब्रिटनमध्ये ॲडमिरल्टीचे, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयाचे, अधिकृत छायाचित्रकार होते. त्यांच्या कामाचा मोठा साठा आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. जर्मनीत प्रचारखात्याच्या तालमीत तयार झालेल्या खास लष्करी तुकड्या होत्या, त्यांना प्रोपागांडा कंपन्याच म्हणायचे.

युद्धकाळात कुठलाही खासगी छायाचित्रकार उठून नाविक तळावर जाऊ शकत नव्हता. परवाना हवा, सोबत अधिकारी हवा, आणि काढलेला प्रत्येक फोटो आधी सेन्सॉरच्या टेबलावर. तेव्हा फोटोवर वृत्तसंस्थेचं नाव असलं तरी तो नौदलाच्या मर्जीनेच बाहेर पडला आहे हे धरून चालावं.

ब्रिटिश पाणबुड्यांवर चाच्यांचा काळा झेंडा का दिसतो?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. काळं कापड, त्यावर कवटी आणि दोन हाडं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलातल्याच बऱ्याच वरिष्ठांना पाणबुडी हे लपूनछपून वार करणारं, मर्दाला न शोभणारं हत्यार वाटत होतं. पकडलेल्या पाणबुडीवाल्यांना चाचे समजून फासावर द्यावं, असं ॲडमिरल आर्थर विल्सन म्हणाल्याचं सांगतात. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. १३ सप्टेंबर १९१४ रोजी मॅक्स हॉर्टनच्या ई-९ या पाणबुडीने हेलिगोलँड बेटाजवळ ‘हेला’ ही जर्मन क्रूझर बुडवली. हार्विच बंदरात परतताना हॉर्टनने चाच्यांचा झेंडा चढवला. आम्हाला चाचे म्हणता ना, मग हे घ्या!

दुसऱ्या महायुद्धात ही रीत चांगलीच रुळली आणि झेंड्याची एक भाषाच तयार झाली. पांढरा पट्टा म्हणजे टॉर्पेडोने बुडवलेलं व्यापारी जहाज, लाल पट्टा म्हणजे युद्धनौका. एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन तोफा आणि भोवती चांदण्या म्हणजे डेकवरच्या तोफेने केलेली कामगिरी. खंजीर असेल तर रात्री शत्रूच्या किनाऱ्यावर हेर किंवा घातपाती पथक उतरवलं आहे असं समजावं. कृष्णधवल फोटोत लाल आणि पांढरा ओळखायचा कसा, हा पुढचा प्रश्न लगेच येतो. काळ्या कापडावर लाल पट्टा करडा, मळकट उमटतो. पांढरा मात्र झळाळतो. भिंग घेऊन पाहिलं की फरक कळतो, पण वर्तमानपत्रात छापून आलेल्या फोटोवरून हे ठरवू नका. छपाईच्या ठिपक्यांत दोन्ही सारखेच दिसतात.

झेंडे खलाशी स्वतः शिवत. टाके वेडेवाकडे, कवटीचं तोंड कधी हसरं, कधी भोपळ्यासारखं. असे काही मूळ झेंडे इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टच्या पाणबुडी संग्रहालयात जपले आहेत. फोटोत ज्याकडे आपण खूण म्हणून बघतो, ते एका पोराने अरुंद बंकवर बसून सुई-दोऱ्याने केलेलं काम होतं हे तिथले टाके सांगतात.

अमेरिकन पाणबुडीच्या डोलकाठीला चक्क केरसुणी बांधलेली दिसते. ती कशासाठी?

याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपण ‘झाडून सगळे’ म्हणतो, तोच अर्थ. समोर आलेली झाडून सगळी जहाजं बुडवली, समुद्र साफ केला.

या केरसुणीचे सर्वांत प्रसिद्ध फोटो ‘वाहू’ या पाणबुडीचे आहेत. ७ फेब्रुवारी १९४३ रोजी ती पर्ल हार्बरमध्ये शिरली. पेरिस्कोपच्या खांबाला गवती केरसुणी बांधलेली, आणि दोरीवर आठ छोटे जपानी झेंडे, तोपर्यंत बुडवली असं मानलेल्या प्रत्येक जहाजामागे एक. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका फोटोत कप्तान डडली मॉर्टन आणि त्याचा दुय्यम अधिकारी रिचर्ड ओ’केन ब्रिजवर उभे आहेत. थकलेले, पण खूश. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला जेमतेम चौदा महिने झाले होते. तोवर अमेरिकन पाणबुड्यांच्या वाट्याला निराशाच जास्त आली होती, टॉर्पेडो फुटत नव्हते, कप्तान बिचकत होते. तेवीस दिवसांत गस्त आटपून केरसुणी मिरवत परत आलेली ‘वाहू’ एका दिवसात देशाची लाडकी झाली.

आता त्या फोटोत जे दिसत नाही ते.

त्या गस्तीत २६ जानेवारीला न्यू गिनीच्या उत्तरेला ‘वाहू’ने जपानी जहाजांचा एक ताफा गाठला. त्यातलं ‘बुयो मारू’ हे जहाज सैन्यवाहू आहे असं मॉर्टनने धरलं. टॉर्पेडोने ते बुडवल्यावर पाण्यातल्या होड्यांवर गोळीबार झाला. त्या जहाजावर जपानी सैनिक होतेच, पण त्यांच्यासोबत हिंदुस्थानी युद्धकैदीही होते. सोळाव्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे जवान. जहाजावरच्या ११२६ माणसांपैकी १९५ हिंदुस्थानी आणि ८७ जपानी मेले. तेव्हा २६ जानेवारी हा दिवस आपल्याकडे स्वातंत्र्याच्या प्रतिज्ञेचा दिवस म्हणून पाळला जायचा. ती पोरं मात्र इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन, जपान्यांच्या कैदेत सापडून, अमेरिकेच्या टॉर्पेडोने गेली.

हे कळल्यावर केरसुणीचा तो फोटो मला पूर्वीसारखा बघता येत नाही. आपल्या घरात लक्ष्मीपूजनाला जिची पूजा होते तीच वस्तू तिथे खांबावर आहे, आणि तिने जे ‘साफ’ केलं त्यात आपली १९५ माणसं आहेत. त्या काळच्या फोटोओळींत हे असणं शक्यच नव्हतं. मॉर्टनला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. मी तो फोटो फेकला नाही. त्याच्या पाकिटावर बटालियनचं नाव आणि तो आकडा पेन्सिलीने लिहून ठेवला आहे, कारण तो फोटो ज्याच्या हाती जाईल त्याला हे दोन्ही एकत्रच मिळायला हवं.

पुढचंही सांगतो. केरसुणी बांधून आलेली ‘वाहू’ त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला जपानजवळच्या ला पेरूज सामुद्रधुनीत सगळ्या माणसांसह बुडाली, मॉर्टन तिच्यातच होता. ओ’केनला तोवर दुसरी पाणबुडी मिळाली होती, म्हणून तो वाचला. तिचं नाव ‘टँग’. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये तिचाच एक टॉर्पेडो गर्रकन वळून तिच्यावर येऊन आदळला. ओ’केन धरून नऊ जण जपान्यांच्या कैदेतून जिवंत परतले.

जर्मन फोटो जास्त देखणे का वाटतात?

ते तसे वाटावेत म्हणूनच काढले होते. बँड वाजतो आहे, मुली फुलांचे गुच्छ देताहेत, दाढी वाढलेले खलाशी हसताहेत, कप्तानाच्या डोक्यावर पांढरी टोपी, दोरीवर पताका आणि प्रत्येक पताकेवर बुडवलेल्या जहाजाच्या टनांचा आकडा. दाढ्या मात्र खऱ्या होत्या. गोडं पाणी मोजकं, ते दाढीवर कोण घालवणार?

नमुना म्हणून यू-४७ ही पाणबुडी घ्या. तिचा कप्तान गुंथर प्रीनने १३-१४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या अगदी आतल्या तळात घुसून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली. ८३० हून जास्त ब्रिटिश नाविक मेले. परतीच्या वाटेवर खलाशांनी कॉनिंग टॉवरवर, म्हणजे डेकवरच्या उंच मनोऱ्यावर, नाकपुड्या फुगवलेला बैल रंगवला. स्वागताला खुद्द नौदलप्रमुख रेडर हजर होते, आणि सगळ्या खलाशांना विमानाने बर्लिनला नेण्यात आलं. त्या दिवसांतला एक फोटो फार फिरतो. पुढे छोटीशी यू-४७, आणि मागे ‘शार्नहोर्स्ट’ या अवाढव्य युद्धनौकेच्या कठड्याशी गर्दी करून उभे नाविक. रचना अशी की लहानाने मोठ्याला मागे टाकलं हे न सांगता समजावं. फोटो म्हणून तो उत्तमच आहे, पण तो कोणी आणि कशासाठी वापरला हे बघणाऱ्याने विसरू नये. मार्च १९४१ मध्ये प्रीन गस्तीवर गेला तो परत आला नाही, आणि त्याच्या मृत्यूची बातमी जर्मन जनतेपासून कित्येक आठवडे दडवून ठेवली. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४०,००० माणसांपैकी जवळपास ३०,००० मेली. गुच्छांच्या फोटोंची संख्या १९४१ नंतर का घटत जाते, याचं उत्तर यात आहे.

माझ्याकडच्या प्रतीवर पाणबुडीचा नंबर रंगाने पुसलेला आहे. प्रत बाद झाली का?

उलट, जपून ठेवा. बाद करणं तर दूरच, माझ्या मते अशी प्रत कोऱ्या करकरीत प्रतीहून जास्त मोलाची.

हे रंगकाम दोन कारणांनी व्हायचं. पहिलं सेन्सॉरचं. नंबर, रडारचा अँटेना, धक्क्यावरच्या क्रेन, मागच्या डोंगराची रेघ, ज्यावरून पाणबुडी किंवा बंदर ओळखता येईल ते सगळं झाकायचं. दुसरं छपाईचं. त्या काळच्या वर्तमानपत्री कागदावर करडं पोलाद करड्या पाण्यात विरघळून जायचं. म्हणून कार्यालयातला रिटचिंगवाला बारीक ब्रशने पाणबुडीची कड पांढरी करायचा, सावल्या गडद करायचा, नको असलेल्या माणसावर राखाडी थर द्यायचा.

माझ्याकडे अशी एक प्रत आहे. आठ बाय दहा इंच, चकचकीत कागद. सरळ धरली तर काही कळत नाही. खिडकीशी नेऊन तिरपी केली की कॉनिंग टॉवरच्या बाजूला हाताच्या अंगठ्याएवढा एक मंद चौकोन दिसतो, बाकी कागद चमकतो आणि तेवढाच भाग चमकत नाही. तिथे रंग आहे. भिंगातून ब्रशचे फराटे दिसतात, डावीकडून उजवीकडे ओढलेले, शेवटी जरा घाईत उचललेले. डेकवर सहा जण उभे आहेत. सातव्या माणसाचे फक्त बूट उरले आहेत, वरचं सगळं राखाडी. तो का पुसला गेला हे मला आजवर कळलेलं नाही. चौकटीच्या बाहेर लाल मेणपेन्सिलीने कापायच्या खुणा केल्या आहेत, त्यांवरून दिसतं की छापताना दोन्ही बाजूंचं पाणी काढून टाकून माणसं मोठी करायची होती.

रंग पाण्यात विरघळणारा असतो. ओल्या फडक्याने पुसून ‘खालचं बघू’ असा मोह कृपा करून आवरा.

मागच्या बाजूला काय वाचायचं?

सगळंच. नवीन संग्राहक पुढची बाजू बघून किंमत ठरवतात, जुने आधी फोटो उलटा करतात. मागे साधारण हे सापडतं:

टाईप केलेली फोटोओळ, वेगळ्या पातळ कागदावर, वरच्या कडेला डकवलेली. ती बहुधा पिवळी पडून खाली दुमडलेली असते. तीत तारीख, ठिकाण, छायाचित्रकाराचं किंवा संस्थेचं नाव. युद्धकाळात ठिकाणाच्या जागी ‘एक ब्रिटिश बंदर’ किंवा ‘प्रशांत महासागरातला तळ’ एवढंच असतं. मग वृत्तसंस्थेचा शिक्का. सेन्सॉरने पास केल्याचा शिक्का. वर्तमानपत्राच्या ग्रंथालयाचा तारखेचा शिक्का, आणि फोटो पुन्हा वापरला असेल तर अशा तारखा तीन-चार. कधी छापून आलेलं कात्रणच तिथे चिकटवलेलं मिळतं, म्हणजे अर्धं संशोधन घरबसल्या झालं.

तारखांत घोळ होतो तो इथे. शिक्क्यावरची तारीख बहुतेक वेळा फोटो कार्यालयात पोचल्याची किंवा छापल्याची असते, काढल्याची नव्हे. सेन्सॉरने फोटो महिनोन्महिने अडवून ठेवणं नेहमीचंच होतं. टोकाचं उदाहरण म्हणजे यू-५०५. ही जर्मन पाणबुडी अमेरिकन नौदलाने ४ जून १९४४ रोजी आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जिवंत पकडली आणि ओढत बर्म्युडाला नेली. ती पकडली गेल्याचा पत्ता जर्मनांना लागला असता तर त्यांनी सांकेतिक लिपी बदलली असती, म्हणून सगळे फोटो कुलुपात गेले. ते बाहेर आले युरोपातलं युद्ध संपल्यावर. त्यामुळे अशा प्रतीवर १९४५ चा शिक्का आणि फोटोत १९४४ चा प्रसंग, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. ती पाणबुडी आज शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

इतकी गुप्तता अतिरेकी वाटते का? १९४३ मध्ये अँड्र्यू मे या अमेरिकन लोकप्रतिनिधीने पत्रकारांसमोर सांगून टाकलं की जपानी लोक पाणबुडीवर टाकायचे स्फोटक पिंप (डेप्थ चार्ज) फार कमी खोलीवर फोडतात, त्यामुळे आपल्या पाणबुड्या वाचतात. ते छापून आलं. पॅसिफिक पाणबुडी दलाचे प्रमुख लॉकवूड यांच्या मते त्या एका वाक्यापायी दहा पाणबुड्या आणि आठशे माणसं गेली. हा हिशेब वादाचा आहे, पण फोटोवरचा तो राखाडी चौकोन कोणत्या भीतीतून आला ते त्यावरून समजतं.

फोटोवर बारीक आडव्या रेघा आहेत आणि फोटोओळ फोटोतच टाईप केलेली आहे. हे काय?

तारेने आलेला फोटो. असोसिएटेड प्रेसची वायरफोटो सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू झाली. फोटो गोल फिरणाऱ्या नळकांड्यावर लावायचा, प्रकाशाचा ठिपका त्यावरून ओळीओळीने सरकायचा, आणि टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या शहरात तसाच फोटो उमटायचा. तपशील कमी, पण बातमीइतकाच ताजा. टपालाने आलेली प्रत जास्त स्पष्ट, तारेने आलेली जास्त घाईची. मला दोन्ही आवडतात.

मूळ काळातली प्रत आणि नंतर काढलेली प्रत यांत फरक कसा ओळखू?

नोटा तपासायचा जांभळा दिवा घ्या आणि अंधाऱ्या खोलीत प्रतीवर धरा. कागद निळसर-पांढरा लख्ख उजळला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि तसा कागद साधारण १९५० च्या दशकापासून वापरात आला. १९४३ ची म्हणून विकत असलेली प्रत अशी उजळली तर ती नंतरची. न उजळणारी प्रत जुनीच असते असं मात्र नाही, ही परीक्षा एका बाजूनेच उपयोगी आहे.

बोटाला प्लास्टिकसारखा लागणारा, सपाट राहणारा कागद १९६० च्या दशकाअखेरीनंतरचा. जुना कागद तंतुमय असतो, वाकतो, कडेला वळतो. काळ्या भागांत, विशेषतः कडांशी, तिरप्या उजेडात चंदेरी-निळसर झाक दिसली तर ती चांदीची आहे. वर्षानुवर्षांत चांदीचे कण पृष्ठभागावर येतात. खोट्या प्रतीत ती आणणं कठीण.

फोटोओळीवर कितपत विश्वास ठेवावा?

तारीख आणि नावं याबाबत बराच, बुडवलेल्या जहाजांच्या आकड्यांबाबत कमी. पेरिस्कोपमधून, रात्री, स्फोटानंतर घाईने खोल बुडी मारताना काय बुडालं आणि काय नुसतं जखमी झालं हे सांगणं अवघड. सगळ्याच देशांचे दावे युद्धानंतर कागदपत्रं पडताळल्यावर खाली आले. ‘वाहू’ने त्याच गस्तीत वेवाकजवळ बुडवली असं मानलेली ‘हारुसामे’ ही विनाशिका प्रत्यक्षात बुडालीच नव्हती. जपान्यांनी ती दुरुस्त करून पुन्हा समुद्रात आणली.

नेताजींचा पाणबुडीवरचा फोटो या प्रकारात बसतो का?

काटेकोर अर्थाने नाही, तो वर्तमानपत्रासाठी काढलेला परतीचा फोटो नव्हे. पण विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि यायलाही हवा. नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्ये आबिद हसन यांच्यासह कीलहून यू-१८० या जर्मन पाणबुडीने निघाले. २८ एप्रिलला मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून ते जपानी आय-२९ वर गेले. तिथे खलाशांसोबत काढलेला त्यांचा समूहफोटो आज सगळीकडे दिसतो. त्याच्या प्रती अनेकदा चुकीच्या ओळींसह विकल्या जातात, ‘जर्मन पाणबुडीवर नेताजी’ अशा. भोवतालचे चेहरे जपानी आहेत एवढं पाहिलं तरी चूक लक्षात येते. मे महिन्यात नेताजी सुमात्राजवळच्या साबांगला उतरले. पुढच्या वर्षी, १९४४ च्या जुलैत आय-२९ आणि ऑगस्टमध्ये यू-१८०, दोन्ही बुडाल्या.

१९७१ च्या युद्धातले असे फोटो आहेत का?

आपल्या ‘करंज’ आणि ‘खांदेरी’ या पाणबुड्या त्या युद्धात गस्तीवर होत्या. ‘खांदेरी’चं नाव शिवछत्रपतींनी अलिबागजवळच्या समुद्रात उभारलेल्या किल्ल्याचं. पण त्या युद्धाची पाणबुडीची आठवण आपल्यासाठी परतीची नाही. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या ‘हँगोर’ या पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. ‘हँगोर’ परतली, आज ती कराचीच्या संग्रहालयात आहे.

न परतलेली पाणबुडी म्हणजे पाकिस्तानचीच ‘गाझी’, ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडालेली. संग्राहकांनी एक लक्षात ठेवावं. ‘गाझी’ म्हणजे मूळची अमेरिकन ‘डायब्लो’. १९४५ मध्ये ती नौदलात आली, १० ऑगस्टला पर्ल हार्बरहून पहिल्या युद्धगस्तीला निघाली आणि वाटेतच युद्ध संपलं. अमेरिकन जुन्या फोटोंच्या गठ्ठ्यात ‘डायब्लो’ हे नाव दिसलं तर ती हीच.

ही परंपरा कधी संपली?

संपली म्हणता येणार नाही, पण तिचा शेवटचा गाजलेला फोटो १९८२ चा. फॉकलंडच्या युद्धात २ मे रोजी ‘काँकरर’ या ब्रिटिश अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली, ३२३ माणसं मेली. जुलैत ती स्कॉटलंडमधल्या फासलेनला परतली ती चाच्यांचा झेंडा लावून. १९१४ ला ज्या प्रथेने कौतुक मिळवलं तिच्यावर या वेळी देशातच टीका झाली. दोन्ही वेळी झेंडा तोच. बघणारे बदलले होते.

पावसाळ्यात प्रती कशा सांभाळायच्या?

मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. ओल लागली की तो फुगतो, चिकटतो आणि बुरशीला ते आयतं खाद्य. दोन प्रती समोरासमोर ठेवल्या तर श्रावण संपेपर्यंत त्या एकच होतील. प्रत्येक प्रत आम्लविरहित कागदाच्या किंवा पॉलिस्टरच्या पाकिटात ठेवा. वास येणारं मऊ प्लास्टिक नको. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओल धरल्या की बदला. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ नकोत.

लॅमिनेशन करू नका. फ्रेम करताना मागे काहीही चिकटवू देऊ नका. हे मी हात पोळून शिकलो. माझ्या गावच्या एका फ्रेमवाल्याकडे मी एक प्रत टाकली आणि ‘नीट बसवा’ एवढंच म्हणालो. त्याने नीटच बसवली, पांढऱ्या गोंदाने प्लायवूडवर. पुढची बाजू आजही सुंदर दिसते. मागची फोटोओळ, दोन शिक्के आणि कुणीतरी निळ्या शाईने लिहिलेलं एक नाव मात्र कायमचं गेलं. मी ते उतरवून घेतलं नव्हतं. तेव्हापासून प्रत हातात आली की पहिलं काम, दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करणं.

माझ्याकडची प्रत मी छापू किंवा वेबसाइटवर टाकू शकतो का?

प्रत तुमची, हक्क तुमचा असेलच असं नाही. अमेरिकन नौदलाच्या छायाचित्रकाराने सरकारी कामात काढलेले फोटो सर्वांसाठी खुले आहेत. युद्धकाळातल्या ब्रिटिश सरकारी फोटोंवरचा क्राऊन कॉपीराइटही संपला आहे. वृत्तसंस्थांच्या फोटोंबाबत मात्र एकेक फोटो तपासावा लागतो. भारतीय कायद्यात फोटोसाठी प्रसिद्धीपासून साठ वर्षांची मुदत आहे.

विकत न घेता बघायचे असतील तर?

इम्पीरियल वॉर म्युझियम, अमेरिकेचं नॅशनल आर्काइव्ह्ज आणि जर्मनीचं बुंडेसआर्काइव्ह यांचे साठे बऱ्याच अंशी ऑनलाइन आहेत. आणि एकदा विशाखापट्टणमला जाऊन समुद्रकिनाऱ्यावरची ‘कुरसुरा’ ही पाणबुडी आतून बघा. तिच्या दारातून वाकून आत शिरलात, दोन बंकांमधली जागा खांद्यांनी मोजलीत, की डेकवर उभं राहून उन्हात डोळे बारीक करणाऱ्या त्या माणसांचे चेहरे वेगळे दिसू लागतात.

फोटोतल्या माणसांचं पुढे काय झालं हे शोधता येतं का?

येतं, आणि प्रत्येक प्रतीबाबत ते शोधावं असा माझा आग्रह आहे. पाणबुडीचं नाव कळलं की तिचा इतिहास सापडतो. बुडालेल्या पाणबुड्यांवरच्या माणसांच्या याद्या जवळपास सगळ्या देशांनी प्रसिद्ध केल्या आहेत. एकट्या अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या आणि सुमारे ३,५०० माणसं दुसऱ्या महायुद्धात गेली. मी फोटोची तारीख आणि बुडाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहितो.

ब्रिटिश ‘अटमोस्ट’चा एक फोटो आहे, फेब्रुवारी १९४२ चा, स्कॉटलंडच्या होली लॉखमधला. भूमध्य समुद्रात वर्षभर लढून ती घरी आली आहे. ‘फोर्थ’ या मोठ्या जहाजाला टेकून उभी आहे, आणि अधिकारी-खलाशी दाटीवाटीने चाच्यांचा झेंडा पसरून हसताहेत. झेंड्यावर पट्टेच पट्टे. माझ्या वहीत त्या फोटोखाली दोन ओळी आहेत. ‘अटमोस्ट’, नोव्हेंबर १९४२, सिसिलीजवळ, सर्वांसह. कप्तान केली, दुसऱ्या पाणबुडीवर, जानेवारी १९४३, सर्वांसह.